लॅपटॉपवर चालणारं पहिलं अ‍ॅप इंटरनेटवर चढवताना

पहिलं वेब अ‍ॅप लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसून ते डिप्लॉय करून घेणं, म्हणजे इंटरनेटवर चढवून घेणं, हा माझ्या कामाचा भाग आहे आणि मला तो मनापासून आवडतो. आपण लिहिलेलं पान दुसऱ्याच्या फोनवर उघडलं की माणसाचा चेहरा उजळतो. पण त्याआधीचा वेळ फार जीव खातो. काल रात्रीपर्यंत बिनबोभाट चालणारं अ‍ॅप प्लॅटफॉर्मवर, म्हणजे ते चालवणाऱ्या क्लाउड सेवेवर, टाकताच लाल अक्षरांचा ढीग ओततं, आणि ‘मला कोडच जमत नाही’ असं ठरवून चांगली चांगली मुलं तिथेच हात टेकतात.

कोड बहुतेक वेळा ठीक असतो. अ‍ॅप लिहिताना लॅपटॉप तुम्हाला कितीतरी गोष्टी गुपचूप पुरवत असतो. कधीतरी इन्स्टॉल केलेली लायब्ररी, पायथनची ठरावीक आवृत्ती, फोल्डरमध्ये पडलेली डेटाबेसची फाइल, कोडमध्येच लिहून ठेवलेला पासवर्ड. क्लाउडवरचं मशीन कोरं असतं. त्याला यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून डिप्लॉय करताना मी एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारते: हे अ‍ॅप कशाच्या भरवशावर चाललंय, आणि ते कुठे लिहून ठेवलंय का?

उदाहरण म्हणून फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं एक छोटं अ‍ॅप घेऊ. आपली पुस्तकं कोणाकोणाला वाचायला दिली त्याची नोंद ठेवणारं. एक यादी, एक फॉर्म, एक लॉगिन, डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये, आणि मुख्य फाइलचं नाव ‘अ‍ॅप’. प्लॅटफॉर्म रेंडर धरते. रेल्वे, फ्लाय, हेरोकू या अशाच दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर बटणं वेगळ्या जागी असतील, पण अडचणी अगदी याच येतात. गिटने (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) कोड ढकलायचा आणि पुढचं प्लॅटफॉर्मने बघायचं, ही पद्धत 2007 मध्ये सुरू झालेल्या हेरोकूने रुळवली. त्यांनी मोफत योजना नोव्हेंबर 2022 मध्ये बंद केली. जुना व्हिडिओ बघून ‘फ्री’ बटण शोधत बसला असाल तर ते सापडत नाही यात तुमचा दोष नाही.

आधी लॅपटॉपवरच आवराआवर

प्लॅटफॉर्मवर खातं उघडायची घाई करू नका. निम्म्याहून जास्त काम लॅपटॉपवरचंच आहे.

सुरुवात लायब्ररींच्या यादीपासून. पायथनमध्ये ही यादी रिक्वायरमेंट्स नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये असते, आणि ‘पिप फ्रीझ’चं आउटपुट त्या फाइलमध्ये वळवून ती तयार करतात. ही कमांड कुठल्या वातावरणात चालवता ते महत्त्वाचं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरता लायब्ररींचा वेगळा कप्पा, न वापरता चालवलीत, तर आजवर त्या मशीनवर जे जे टाकलं ते सगळं यादीत येतं. पुस्तकांची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या यादीत पांडाज आणि ज्युपिटर कशाला हवेत? विंडोजवर तर हमखास ‘पायविन32’ येऊन बसतं. ते फक्त विंडोजसाठी आहे. क्लाउडवरचं मशीन असतं लिनक्सचं, त्यामुळे बिल्ड, म्हणजे तिथे लायब्ररी उतरवून जोडायचं काम, त्या एका ओळीवर अडतो आणि चूक कुठे आहे ते नवख्या माणसाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून नवी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, अ‍ॅपला लागतं तेवढंच त्यात टाका आणि मग फ्रीझ करा. यादी बरोबर आहे का हे तपासायचा एकच खरा मार्ग मला माहीत आहे. प्रोजेक्ट गिटहबवरून (जिथे गिटमधला कोड ऑनलाइन ठेवतात) वेगळ्या फोल्डरमध्ये क्लोन करा, म्हणजे त्याची प्रत उतरवा, तिथे कोरी एन्व्हायर्नमेंट बनवा, फक्त त्या यादीवरून इन्स्टॉल करा आणि अ‍ॅप चालवून बघा. जे इथे अडेल ते क्लाउडवरही अडणार होतं. फरक एवढाच, की इथे दहा सेकंदांत कळतं आणि तिथे प्रत्येक वेळी बिल्ड संपायची वाट बघावी लागते.

पायथनची आवृत्तीही लिहून ठेवा. रेंडरवर त्यासाठी ‘पायथन व्हर्जन’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे कोडच्या बाहेर सेटिंगमध्ये ठेवलेलं मूल्य, आहे. नाहीतर प्लॅटफॉर्म त्याच्या मनाची आवृत्ती घेतो, आणि एखादी जुनी लायब्ररी त्या नव्या आवृत्तीवर बसत नाही.

मग फाइलींची नावं बघा. विंडोजवर आणि मॅकवर साधारणपणे मोठ्या-लहान लिपीचा फरक धरला जात नाही, लिनक्सवर धरला जातो. फाइलचं नाव मोठ्या ‘एल’ने सुरू होणारं ‘लोगो’ आणि टेम्प्लेटमध्ये तेच लहान ‘एल’ने, असं असेल तर लॅपटॉपवर चित्र दिसेल आणि सर्व्हरवर 404, म्हणजे ‘सापडलं नाही’, येईल. चित्रापुरतं असेल तर दिसतं तरी. टेम्प्लेटच्या फाइलच्या नावात असं झालं की आख्खं पान 500, म्हणजे ‘सर्व्हरवर चूक झाली’, देतं. त्यासाठी माझा साधा नियम आहे, सगळी नावं लहान लिपीत, मधे स्पेस नाही. आणि कोडमध्ये ‘सी ड्राइव्ह, युजर्स, अमुक, डेस्कटॉप’ असा पूर्ण रस्ता कुठे लिहिला असेल तर तो आजच काढा. सर्व्हरवर तुमचं डेस्कटॉप नाही.

गुपितं कोडच्या बाहेर

इथे मी जरा हट्टी आहे, आणि सगळ्यांना तसंच करायला लावते.

पासवर्ड, एपीआय की, फ्लास्कची सीक्रेट की, डेटाबेसचा पत्ता यांतलं काहीही कोडमध्ये राहता कामा नये. हे सगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून वाचायचं. लॅपटॉपवर ती मूल्यं ‘डॉट ईएनव्ही’ फाइलमध्ये ठेवा, आणि पहिला कमिट करण्याआधी त्या फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, टाका. त्यासोबत व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर आणि एसक्यूलाइटची फाइलही टाका. प्लॅटफॉर्मवर हीच मूल्यं ‘एन्व्हायर्नमेंट’ या टॅबमध्ये हाताने भरायची.

एखादी की आधीच गिटहबवर गेली असेल, तर ओळ पुसून नवा कमिट केल्याने काहीही साधत नाही. गिट जुनं सगळं जपून ठेवतं, तेच त्याचं काम आहे. रेपो, म्हणजे गिटहबवरचं तुमचं प्रोजेक्ट, सार्वजनिक असेल तर अशा की शोधत फिरणारे बॉट ती उचलतात. त्यामुळे जिथून की मिळवली तिथे जाऊन ती रद्द करा आणि नवी घ्या. इतिहास साफ करायचं नंतर बघता येईल, आधी की मारा.

सीक्रेट कीबद्दल एक बारकावा सांगते, कारण त्यातून येणारी चूक शोधायला फार अवघड असते. फ्लास्क या कीने सेशनच्या कुकीवर सही करतं. काही जण ‘सुरक्षित असावी’ म्हणून अ‍ॅप सुरू होताना कोडमध्येच रँडम की बनवतात. लॅपटॉपवर एकच प्रोसेस असते, सगळं सुरळीत दिसतं. सर्व्हरवर मात्र अ‍ॅपच्या दोन प्रती, म्हणजे दोन वर्कर, चालू असतील तर प्रत्येकाची की वेगळी. लॉगिन एका वर्करने केलं, पुढचं पान दुसऱ्याकडे गेलं, त्याला ती सही ओळखीची वाटत नाही आणि तुम्ही लॉगआउट. पुन्हा रिफ्रेश केलं की कधी लॉगिन असतं, कधी नसतं. ब्राउझरला आणि कुकीला दोष देत माणसं दिवस घालवतात. की एकदाच बनवा, प्लॅटफॉर्मवर व्हेरिएबल म्हणून ठेवा, आणि कोडने ती फक्त वाचावी.

अ‍ॅप सुरू कोण करतं?

लॅपटॉपवर तुम्ही फाइल चालवता आणि फ्लास्कचा स्वतःचा सर्व्हर उभा राहतो. सुरू होताना तो दरवेळी लाल अक्षरांत बजावतो, की हा डेव्हलपमेंट सर्व्हर आहे, प्रॉडक्शनसाठी वापरू नका. ती ओळ रोज दिसते म्हणून डोळ्यांना दिसेनाशी होते. ती खरी आहे. विशेषतः डीबग मोड चालू ठेवून अ‍ॅप इंटरनेटवर टाकणं धोक्याचं आहे. चूक झाली की जो डीबगर पानावर उघडतो, त्यातून सर्व्हरवर कोड चालवता येतो. मधे फक्त एक पिन असतो. डीबग बंद ठेवा, आणि चालू करायचाच असेल तर तो फक्त तुमच्या मशीनवर.

क्लाउडवर हे काम गनिकॉर्न या प्रॉडक्शनसाठीच्या सर्व्हरला द्या. रिक्वायरमेंट्सच्या यादीत गनिकॉर्न आहे ना ते बघा, नसेल तर लॉगमध्ये ‘कमांड नॉट फाउंड’ दिसेल. सुरू करायची कमांड ‘गनिकॉर्न’, मग स्पेस, मग ‘अ‍ॅप:अ‍ॅप’. कोलनच्या (:) आधी फाइलचं नाव, एक्स्टेन्शन न लावता. नंतर त्या फाइलमधल्या फ्लास्कच्या व्हेरिएबलचं नाव. तुमची फाइल ‘मेन’ असेल आणि व्हेरिएबल ‘अ‍ॅप्लिकेशन’ असेल तर कमांड त्याप्रमाणे बदलेल. कुणाचीतरी कमांड जशीच्या तशी चिकटवली की इथेच अडकायला होतं. विंडोजवर गनिकॉर्न चालत नाही, त्यामुळे तिथे ते सुरू झालं नाही म्हणून घाबरू नका. लॅपटॉपवर तपासायचंच असेल तर वेट्रेस नावाचा सर्व्हर विंडोजवर चालतो, किंवा डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स, वापरा.

आता माझ्या मते नवशिक्यांना सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. फ्लास्कच्या बहुतेक उदाहरणांत फाइलच्या तळाशी ‘इफ नेम इज मेन’ असा ब्लॉक असतो आणि त्यात अ‍ॅप सुरू करायची ओळ असते. हळूहळू आपण त्यात आणखी गोष्टी टाकतो. डेटाबेसची टेबलं तयार करायची ओळ, सुरुवातीचा अ‍ॅडमिन युजर घालायची ओळ. लॅपटॉपवर फाइल थेट चालवल्यामुळे तो ब्लॉक चालतो. गनिकॉर्न मात्र फाइल चालवत नाही, इम्पोर्ट करतं. इम्पोर्ट केल्यावर तो ब्लॉक चालतच नाही. अ‍ॅप उभं राहतं, लॉगिनचं पान सुंदर दिसतं, आणि नाव-पासवर्ड देऊन बटण दाबलं की 500. लॉगमध्ये ओळ असते, ‘नो सच टेबल: युजर्स’. टेबलच नाही, कारण ते बनवणारी ओळ कुणी चालवलीच नाही.

उपाय दोन. छोट्या अ‍ॅपसाठी टेबलं बनवायची ओळ त्या ब्लॉकमधून बाहेर काढा आणि अ‍ॅप कॉन्टेक्स्टमध्ये ठेवा. अ‍ॅप वाढणार असेल तर टेबलांमधले बदल सांभाळणारं फ्लास्क-मायग्रेट शिका आणि मायग्रेशनची कमांड डिप्लॉयच्या वेळी चालवा. पहिल्या अ‍ॅपला पहिला उपाय पुरे.

पोर्ट आणि पत्ता

लॅपटॉपवर फ्लास्क 127.0.0.1 या पत्त्यावर, 5000 या पोर्टवर (मशीनच्या जणू एका दाराच्या क्रमांकावर) ऐकत असतं. दोन्ही आकडे सर्व्हरवर चालत नाहीत, आणि कारणं वेगवेगळी आहेत.

127.0.0.1 म्हणजे हे मशीन स्वतः. त्या पत्त्यावर ऐकणारं अ‍ॅप फक्त त्याच मशीनवरून आलेल्या हाका ऐकतं. क्लाउडवर तुमचं अ‍ॅप एका कंटेनरमध्ये बंद असतं आणि बाहेरची विनंती प्लॅटफॉर्मच्या राउटरकडून येते, म्हणजे अ‍ॅपच्या दृष्टीने बाहेरूनच. त्यामुळे अ‍ॅप जिवंत असतं, लॉगमध्ये ‘रनिंग’ दिसतं, आणि तरी पान उघडत नाही. 0.0.0.0 वर ऐकायला सांगितलं की कुठल्याही बाजूने आलेली विनंती पोचते.

पोर्टचं वेगळं. एका प्लॅटफॉर्मवर हजारो अ‍ॅप असतात, कोणाला कोणता पोर्ट हे तो ठरवतो आणि ‘पोर्ट’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये सांगतो. रेंडरवर नेहमीचा आकडा 10000 आहे. पण तो कोडमध्ये लिहू नका, व्हेरिएबल वाचा. तुम्ही 5000 वर हट्टाने बसलात, तर प्लॅटफॉर्म ठरलेल्या जागी थोडा वेळ वाट बघतो आणि मग अ‍ॅप सुरूच झालं नाही असं समजून ते बंद करतो. हेरोकूवर ही मुदत 60 सेकंदांची आहे. लॉगमध्ये पोर्टबद्दल किंवा टाइमआउटबद्दल तक्रार दिसली की आधी इथे बघा.

गनिकॉर्न वापरलंत तर यातलं बरंच आपोआप होतं. ‘पोर्ट’ व्हेरिएबल असेल तर गनिकॉर्न स्वतःहून 0.0.0.0 वर आणि त्याच पोर्टवर बसतं. हे नेमकं का चालतं ते तरीही माहीत असावं. उद्या तुम्ही जावास्क्रिप्टच्या नोड आणि एक्सप्रेसमध्ये लिहाल, तिथे 3000 लिहिलेलं असेल आणि हाच खेळ पुन्हा सुरू होईल.

प्लॅटफॉर्मवर

हा भाग खरं तर सगळ्यात सोपा. गिटहबने लॉगिन करा, ‘न्यू’मधून वेब सर्व्हिस निवडा, रेपो जोडा. सगळे रेपो दाखवायची परवानगी मागितली तरी फक्त हा एकच द्या. बिल्ड कमांडमध्ये रिक्वायरमेंट्सवरून इन्स्टॉल करायची कमांड, स्टार्ट कमांडमध्ये गनिकॉर्नची. रीजन अशी निवडा, की जी तुमच्या वापरणाऱ्यांना जवळ असेल, आणि ती लक्षात ठेवा, डेटाबेसही तिथेच ठेवायचा आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स भरा. मूल्याभोवती अवतरणचिन्हं टाकू नका आणि चिकटवताना शेवटी स्पेस राहिली नाही ना ते बघा. ती दिसत नाही, पण पासवर्ड चुकवते.

डिप्लॉय दाबा आणि लॉग वाचायला बसा. लॉग वाचणं हीच या कामातली खरी कला आहे आणि ती दोन-तीन सवयींनी येते.

पहिली सवय, बिल्ड पडला की सुरू होताना पडलं हे आधी ठरवा. बिल्ड म्हणजे लायब्ररी उतरवणं, जोडणं. तो पडला तर चूक यादीत किंवा पायथनच्या आवृत्तीत आहे, तुमच्या रूट्समध्ये, म्हणजे पानं देणाऱ्या कोडमध्ये, शोधू नका. बिल्ड यशस्वी झाला आणि मग अ‍ॅप पडलं, तर चूक स्टार्ट कमांड, व्हेरिएबल्स, पोर्ट किंवा कोडमध्ये.

दुसरी, ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठून आली ते दाखवणाऱ्या ओळी, खालून वर वाचा. सगळ्यात शेवटच्या ओळीत काय बिनसलं ते असतं. ‘की एरर’ आणि पुढे सीक्रेट कीचं नाव दिसलं, तर ते व्हेरिएबल भरायचं राहिलंय किंवा स्पेलिंग चुकलंय. ‘नो मॉड्यूल नेम्ड’ अमुक, तर ते यादीत नाही. मग वर सरकत जा आणि पहिली अशी ओळ शोधा जिच्यात तुमच्या फाइलचं नाव आहे. मधल्या वीस ओळी लायब्ररीच्या पोटातल्या असतात, त्यांच्यामागे लागू नका.

तिसरी, एका वेळी एकच गोष्ट बदला. अगतिक होऊन चार ठिकाणी हात लावला आणि अ‍ॅप चालू झालं, तर कशाने झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच रात्र.

तुमचे ‘प्रिंट’ लॉगमध्ये उशिरा येत असतील किंवा अजिबात दिसत नसतील, तर पायथन ते बफरमध्ये साठवत असतं. ‘पायथनअनबफर्ड’ हे व्हेरिएबल 1 करा. आणि लॉगमधल्या वेळा तुमच्या घड्याळाशी जुळल्या नाहीत तर गोंधळू नका, सर्व्हरचं घड्याळ साधारणपणे यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं. पुस्तक कधी दिलं ती वेळ अ‍ॅपमध्ये दाखवत असाल तर साठवताना यूटीसी साठवा आणि दाखवताना बदला.

डेटा कुठे राहतो

इथे थांबा आणि हे नीट वाचा, कारण बाकीच्या चुका लगेच दिसतात आणि ही दिसत नाही.

एसक्यूलाइटचा डेटाबेस म्हणजे एक फाइल. अशा प्लॅटफॉर्मवर अ‍ॅपला मिळणारी डिस्क तात्पुरती असते. अ‍ॅप पुन्हा डिप्लॉय झालं किंवा पुन्हा सुरू झालं, की ती डिस्क मूळ रूपात येते, म्हणजे रेपोमध्ये जे होतं तेवढंच उरतं. तुम्ही पुस्तकं नोंदवता, मैत्रीण नोंदवते, सगळं छान चालतं. दुसऱ्या दिवशी एका बटणाचा रंग बदलून पुश करता आणि यादी रिकामी. कुठलीही चूक लॉगमध्ये येत नाही, कारण कोणाच्याच दृष्टीने काही चुकलेलं नसतं. अपलोड केलेल्या फोटोंचंही हेच होतं.

म्हणून डेटा वेगळ्या सेवेत हवा. त्याच प्लॅटफॉर्मवर, त्याच रीजनमध्ये पोस्टग्रेस डेटाबेस तयार करा. तो तुम्हाला दोन पत्ते देईल, इंटर्नल आणि एक्स्टर्नल. प्लॅटफॉर्मवरच्या अ‍ॅपला इंटर्नल द्या, तो वेगवान असतो आणि रीजन एकच असेल तरच चालतो. एक्स्टर्नल तुमच्या लॅपटॉपवरून डोकावण्यासाठी. पत्ता ‘डेटाबेस यूआरएल’ या व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि कोडने तो वाचावा. व्हेरिएबल नसेल तर एसक्यूलाइट वापर, असं लिहिलं की लॅपटॉपवरचं काम पूर्वीसारखंच चालू राहतं. यादीत पोस्टग्रेसशी बोलणारी सायकोपीजी2-बायनरी ही लायब्ररी टाकायला विसरू नका.

डेटाबेससाठी एसक्यूलअल्केमी ही लायब्ररी वापरत असाल तर आणखी एक खाच आहे. काही प्लॅटफॉर्म पत्त्याची सुरुवात ‘पोस्टग्रेस’ अशी देतात. एसक्यूलअल्केमीने 1.4 आवृत्तीपासून ते रूप सोडून दिलं, त्याला ‘पोस्टग्रेसक्यूएल’ असं पूर्ण लागतं. पत्ता वाचल्यावर सुरुवातीचा तो शब्द बदलणारी एक ओळ लिहा.

मोफत डेटाबेसच्या अटी मुळातून वाचा. रेंडरचा मोफत पोस्टग्रेस तयार केल्यापासून 30 दिवसांनी संपतो. आधी ही मुदत जास्त होती, म्हणजे अटी बदलतात. शिकण्यासाठी हे उत्तम आहे. पण ज्यात लोक आपला खरा डेटा भरणार आहेत, ते अ‍ॅप मी मोफत डेटाबेसवर ठेवू देत नाही. आपण कुणाला ‘हे वापर’ म्हणतो तेव्हा त्यांनी भरलेलं सांभाळायची जबाबदारी आपल्यावर येते.

लिंक पाठवण्याआधी

अ‍ॅप ज्या ब्राउझरमध्ये बनवलं त्यात ते नेहमीच चालतं. फोन घ्या, वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर इनकॉग्निटो विंडोत लिंक उघडा. नवा युजर म्हणून सगळं करा. टेम्प्लेटमध्ये किंवा जावास्क्रिप्टमध्ये कुठे ‘लोकलहोस्ट’ शिल्लक असेल तर ते इथे उघडं पडतं, कारण फोनवर तसलं काही चालत नसतं.

मग एक पुस्तक नोंदवा आणि काहीही न बदलता ‘मॅन्युअल डिप्लॉय’ दाबा. डिप्लॉय झाल्यावर पुस्तक जागेवर आहे का बघा. ही चाचणी मी प्रत्येकाकडून करून घेते आणि ती पार झाल्याशिवाय लिंक बाहेर जाऊ देत नाही.

मोफत योजनेत 15 मिनिटं कोणीच आलं नाही की रेंडर अ‍ॅप झोपवतो, आणि पुढच्या पाहुण्याला ते उठायला साधारण मिनिटभर लागतं. मैत्रिणीला लिंक देताना हे सांगून ठेवा, नाहीतर ती ‘उघडत नाही गं’ म्हणून परत येईल. काही जण दर दहा मिनिटांनी अ‍ॅपला टोचत राहणारी सेवा लावतात. पहिल्या अ‍ॅपसाठी मला ते नको वाटतं. एक मिनिट थांबणं परवडतं, आणि परवडत नसेल तर सशुल्क योजना घ्यायची वेळ आली आहे.

मोफत मशीनची मेमरी 512 एमबी असते. गनिकॉर्नला चार-चार वर्कर देऊ नका, एक किंवा दोन भरपूर झाले. ‘वेब कॉन्करन्सी’ या व्हेरिएबलने तो आकडा ठरवता येतो.

स्वतःचं डोमेन हवं असेल तर ते आत्ता लावायची गरज नाही, प्लॅटफॉर्मने दिलेला पत्ता चांगला आहे. लावलंत तर डोमेनच्या नोंदींमध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठी सीनेम रेकॉर्ड, मूळ डोमेनसाठी साधारणपणे ए रेकॉर्ड, आणि मग थोडा धीर. जुनी नोंद ठिकठिकाणी साठवलेली असते, ती मुदत संपेपर्यंत कुणाला नवं दिसतं, कुणाला जुनं. या काळात नोंदी पुन्हापुन्हा बदलत बसू नका. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट प्लॅटफॉर्म स्वतः आणतो आणि मुदत संपण्याआधी बदलतो, त्यात तुम्हाला काही करायचं नाही.

पुढचा पुश

आता मेन ब्रांचवर पुश केलं की नवी आवृत्ती आपोआप चढेल. हे सोयीचं आहे, पण अर्धवट काम आता मेनवर टाकता येणार नाही. वेगळी ब्रांच काढा, तिथे खेळा, लॅपटॉपवर चाललं की मर्ज करा. आणि गडबड झालीच तर डॅशबोर्डवर ‘रोलबॅक’ आहे, मागच्या चालत्या डिप्लॉयवर एका क्लिकमध्ये जाता येतं. आधी रोलबॅक करा, लोकांचं पान चालू होऊ द्या, चूक शांतपणे नंतर शोधा.

रोलबॅकने फक्त कोड मागे जातो. डेटाबेस आहे तिथेच राहतो. नव्या कोडने एखादा कॉलम काढून टाकला असेल तर जुना कोड तो शोधत बसेल, आणि त्यातला डेटा तर परत येणारच नाही. त्यामुळे टेबलांना हात लावणारा कोणताही बदल चढवण्याआधी एक्स्टर्नल पत्ता वापरून ‘पीजीडंप’ने डेटाबेसची प्रत लॅपटॉपवर उतरवून घ्या, फाइलच्या नावात तारीख घाला, आणि ती फाइल रिकामी नाही ना हे उघडून बघा. मग पुश करा.